एटीएममधला टी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, व्याजाचे दर चढणार की उतरणार? आणि दुसरा, तुमचं काय बुवा, चारला शटर खाली आणि पाचला घरी चहा, नाही का? पहिल्याचं उत्तर आमच्या मॅनेजरसाहेबांनाही पेपरात वाचूनच कळतं आणि दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं तर समोरचा हसतो. त्यामुळे वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी दोन्ही प्रश्नांना 'बघू या' असं एकच उत्तर ठेवलं आहे. विचारणाऱ्याचं त्यानं समाधान होतं असं दिसतं.

तिसरा प्रश्न आमच्या चिरंजीवांनी काढला. शाळेत सामान्य ज्ञानाची चाचणी होती. 'एटीएमचे पूर्ण रूप लिहा' या प्रश्नाला त्यांनी 'एनी टाइम मनी' असं ठोकून दिलं आणि पूर्ण गुण घेऊन घरी आले. मी म्हटलं, "अरे, एनी टाइम मनी नव्हे. ऑटोमेटेड टेलर मशीन!" चिरंजीवांनी शांतपणे वही पुढे केली. "बाबा, बाईंनी बरोबर दिलंय." लाल शाईतल्या त्या खुणेपुढे मी काय बोलणार? बँकेत आम्ही सगळे लाल शाईलाच तर भितो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.नं विचारलं, "टेलर? टेलरचा आणि बँकेचा काय संबंध? आणि ऑटोमॅटिक टेलर निघाला असेल तर मला पत्ता द्या. नाक्यावरच्याकडे गणपतीच्या आधी टाकलेला ब्लाउज अजून मिळालेला नाही."

आता या मायलेकांना कसं समजावून सांगावं, की तो टेलर म्हणजे शिंपी नव्हे, तो टेलर म्हणजे मी!

खरंच सांगतो. एटीएममधला ए म्हणजे आपोआप, एम म्हणजे यंत्र, आणि मधला टी म्हणजे काउंटरवर बसून नोटा मोजणारा कारकून. (आमच्या शाखेत टी म्हणजे चहा असाही एक अर्थ आहे, पण तो आपोआप येत नाही; दोनदा हाक मारावी लागते.) इंग्रजीतलं 'टेल' हे क्रियापद आपण 'सांगणे' म्हणून शिकलो. पण त्याचा एक जुना अर्थ 'मोजणे' असा आहे. विलायतेच्या पार्लमेंटात मतं मोजणाऱ्या सभासदांना आजही टेलरच म्हणतात. म्हणजे त्या भाषेत कधीकाळी मोजणारा आणि सांगणारा एकच होता. मी कॉमर्सचा माणूस. भाषेच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण आपल्या हुद्द्याचं नाव एका लोखंडी पेटीला लावलेलं आहे म्हटल्यावर माणूस शब्दकोश उघडतोच.

मराठीत या पेटीला 'स्वयंचलित गणकयंत्र' म्हणतात. म्हणतात म्हणजे कागदावर म्हणतात. आजपर्यंत एकाही मनुष्यानं माझ्यासमोर 'जरा स्वयंचलित गणकयंत्रावर जाऊन येतो' असं म्हटलेलं नाही. एवढा शब्द उच्चारेपर्यंत मागच्या माणसाचे पैसे काढून होतील. तसा शब्द वाईट नाही बरं का! गणक म्हणजे मोजणारा आणि संस्कृतात गणक म्हणजे ज्योतिषीही. इंग्रजीतला टेलर मोजता मोजता सांगू लागला तसाच आपला गणक मोजता मोजता भविष्य सांगू लागला. महिन्याच्या सत्तावीस तारखेला कार्ड घातल्यावर ते यंत्र जो आकडा दाखवतं, तो पाहिल्यावर पुढच्या चार दिवसांचं भविष्य सांगायला वेगळा ज्योतिषी लागत नाही.

पडद्यावर मराठी निवडलीत तर आणखी गंमत. तिथे पैसे 'काढता' येत नाहीत, त्यांचं 'आहरण' करावं लागतं. हा शब्द वाचला की मला उगीचच पंचवटी आठवते. आपलेच पैसे, पण बटण दाबताना आपण साधूच्या वेशात आलो आहोत असं वाटतं. शिल्लक किती हे पाहायचं असेल तर 'शिल्लक चौकशी'. आता माझ्या शिल्लकीची चौकशी करण्याइतकं त्या बिचारीनं काय केलंय? जेमतेम दोन हजारांची तर आहे ती. पण यंत्र तिची चौकशी करतं आणि कागदाच्या चिटोऱ्यावर अहवालही देतं. चौकशीचा अहवाल हाती पडण्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव ठिकाण.

एकदा मात्र आपल्याकडे छान नाव चालून आलं होतं. १९९७ साली इंडियन बँक्स असोसिएशननं वेगवेगळ्या बँकांची यंत्रं एकमेकांना जोडणारं जाळं सुरू केलं, त्याचं नाव 'स्वधन'. सुटसुटीत, अर्थाला पक्कं, स्त्रीधनाच्या शेजारी शोभून दिसणारं. पण कुठे रुजलं? 'स्वधन' म्हटलं की मराठी कानाला 'सावधान' ऐकू येतं, आणि सावधान म्हटलं की अंतरपाट दूर होतो. मग धन स्वतःचं राहतंच कुठे? २००३ अखेर ते जाळं बंद पडलं आणि नावही त्याच्याबरोबर गेलं.

हे यंत्र जन्माला कसं आलं, तो प्रकार आम्हा कारकुनांच्या जिव्हारी लागणारा आहे. जॉन शेफर्ड-बॅरन नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ. जन्म १९२५ सालचा, आपल्या शिलाँगचा. ते सांगत, की एका शनिवारी ते पैसे काढायला बँकेत गेले तर एका मिनिटाचा उशीर झाला होता आणि दार बंद. घरी येऊन टबात अंघोळ करताना त्यांच्या मनात आलं, की नाणं टाकल्यावर चॉकलेट देणारं यंत्र असतं, तसं नोटा देणारं का नसावं? आणि २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेच्या भिंतीत तसं यंत्र बसलंसुद्धा. म्हणजे पाहा, तिथला कारकून वेळेवर काउंटर बंद करून उठला म्हणून हे झालं. कारकुनाच्या वक्तशीरपणानं कारकुनांच्याच पोटावर पाय आणला! तेव्हापासून मी घड्याळाकडे पाहून उठत नाही.

त्यांचाच दुसरा किस्सा पिनचा. त्यांच्या मनात सहा आकडी पिन होता. जेवणाच्या टेबलावर बायको म्हणाली, मला बाई चारच आकडे लक्षात राहतात. झालं, पिन चार आकडी. अर्ध्या जगानं तो निर्णय मुकाट्यानं मान्य केला. संसारी वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे ते चार आकडेही कार्डाच्या पाकिटावर बॉलपेननं लिहून ठेवतात ती गोष्ट वेगळी.

आपल्या मुंबईत ही पेटी १९८७ साली हाँगकाँग बँकेनं आणली. तेव्हा मी बिगरीत होतो आणि पैसे काढण्याचं माझं यंत्र म्हणजे आजोबांच्या सदऱ्याचा खिसा. त्याला पिन नव्हता, पण रात्री मात्र ते बंद असे.

प्रत्येक देशानं या पेटीचं बारसं आपापल्या स्वभावाप्रमाणे केलेलं आहे. इंग्रज तिला 'भिंतीतलं भोक' म्हणतात. हॉलंडातले लोक बोलताना 'फ्लापनटॅप' म्हणतात, म्हणजे नोटांचा नळ. सगळ्यांत हुशार इंडोनेशियावाले. त्यांनी एटीएम ही इंग्रजी अक्षरं तशीच ठेवली आणि त्यांत आपल्या भाषेतले शब्द भरले: 'अंजुंगान तुनाई मांडिरी'. आपलं आपण रोख घेण्याची जागा, असा काहीसा अर्थ. ना भाषांतर, ना भांडण. आपल्याकडेही हे जमलं असतं. एक तारखेच्या संध्याकाळी वसई स्टेशनाबाहेरच्या रांगेत उभे राहा. विरार लोकलमधून चेंगरून उतरलेली माणसं त्या पेटीपुढे उभी असतात, पेटी आतल्या आत घरघरत असते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच पूर्ण रूप लिहिलेलं असतं: 'एकदाचे टाक, मेल्या!' ए-टा-मे. भाषातज्ज्ञांनी विचार करावा.

हॉलंडचा नळ मला विशेष पटला. वसईकराचं आणि नळाचं नातं नाजूक असतं. पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं, शेजारच्या बिल्डिंगला आलं आणि आपल्याला का नाही, यावर आमच्याकडे जन्माची मैत्री जडते आणि तुटतेही. तीच भाषा आम्ही एटीएमला लावली. रांगेतला माणूस 'यंत्रात रोकड उपलब्ध आहे का' असं विचारत नाही. तो विचारतो, "आलेत का?" आतला बाहेर येऊन सांगतो, "शंभरचे गेले, पाचशेचे येतायत." आता पाचशेचे येतायत म्हटल्यावर बादली घेऊन कोण पळणार नाही?

शब्द असा वापरात पडला की त्याला हातपाय फुटतात. एटीएम म्हणजे यंत्र, हे झालं मूळ. पण कार्डही एटीएमच ("एटीएम घरी विसरलो"), आणि ती काचेची थंडगार खोलीही एटीएमच ("पाऊस आला म्हणून एटीएममध्ये उभा राहिलो"). यंत्रासाठी वेगळं काही हवं म्हणून लोक 'एटीएम मशीन' म्हणतात. शेवटचा एम मशीनचाच असतो, हे त्यांना सांगू नये. पिवळा पीतांबर नेसणाऱ्या आणि गाईचं गोमूत्र शिंपडणाऱ्या समाजाला ते चालतं. अडचण येते ती टेलिफोनवर. एकदा सकाळी शाखेत फोन आला, "साहेब, एटीएम चोरीला गेलं!" आता यंत्र मुळापासून उपटून जीपला बांधून नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मी घाबरून विचारलं, "कुठलं? कितीचं होतं आत?" पलीकडचे काका म्हणाले, "आत काही नव्हतं हो, तीनशे चाळीस रुपये. पाकिटासकट गेलं."

पुढे तर शब्दानं पैशांचीही संगत सोडली. गावोगावी पाच रुपयांचं नाणं टाकून पाणी देणारी पेटी बसली, तिला लोक बेधडक 'पाण्याचं एटीएम' म्हणू लागले. दुधाचं एटीएम झालं, धान्याचं झालं. ज्याच्यासमोर उभं राहिलं की काहीतरी बाहेर पडतं आणि ज्याच्याशी बोलावं लागत नाही, ते एटीएम. या व्याख्येत घराघरातले बाप चपखल बसतात. "मी काय एटीएम आहे का?" हे वाक्य आज महाराष्ट्रात प्रत्येक बाप उच्चारतो आणि उच्चारता उच्चारता पाकीट काढतो.

परका शब्द घरचा कसा होतो, ते वसईकराला शिकवायला नको. पोर्तुगीज इथे १५३४ साली आले आणि चिमाजीअप्पांनी १७३९ साली त्यांना घालवलं. दोनशे वर्षांचा तो कारभार गेला, किल्ल्यावर आता झाडं वाढली आहेत, पण त्यांचे शब्द गेले नाहीत. आमच्या बँकेत तर तेच राज्य करतात. तिजोरीची 'चावी' पोर्तुगीज, कर्ज फेडलं नाही की होणारा 'लिलाव' पोर्तुगीज, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो माझा 'पगार'सुद्धा पोर्तुगीज. पगार हा शब्द परका आहे असं कुणाला वाटत नाही. महिन्याच्या दहा तारखेनंतर तो परका होतो, पण ते भाषेमुळे नव्हे.

एटीएमचंही तसंच होईल. यंत्रं कदाचित जातील. हल्ली वसईच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या मावशीसुद्धा टोपलीला चौकटी-चौकटींचा कागद टेकवून बसतात आणि 'स्कॅन कर रे' म्हणतात. पण शब्द राहील, आणि पन्नास वर्षांनी कुणी पोरगं विचारील, की बाप एटीएमसारखा म्हणजे कशासारखा?

'एनी टाइम' हे दोन शब्द किती खरे आहेत, ते २०१६ साली कळलं. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतर दोन दिवस यंत्रं बंदच होती. सुरू झाली तेव्हा दिवसाला कार्डामागे दोन हजार. त्यातून नवी दोन हजारची नोट जुन्या हजाराहून आकारानं लहान. प्रत्येक यंत्राच्या पोटात शिरून तिच्यासाठी कप्पे नीट करावे लागले. तेवढे दिवस 'कधीही पैसे देणारं' यंत्र दाराशी दिवे लावून नुसतं उभं. आणि आत काउंटरवर? आम्ही! सकाळपासून रात्रीपर्यंत मोजतोय. अंगठ्याची कातडी गेली, स्पंजची डबी दिवसातून चारदा भरत होतो, बोलून बोलून घसा बसला. रांग पार रस्त्यावर गेली होती. लोक चिडत, रडत, आणि का कोण जाणे, पाण्याच्या बाटल्याही आणून देत. त्या पन्नास दिवसांत मला कुणी 'तुम्ही चारला सुटत असाल' असं म्हटलं नाही. जगात मूळचा टेलर अजून शिल्लक आहे हे लोकांना दिसलं. यंत्रं सुरू झाल्यावर दिसेनासंही झालं.

आता तर आम्हाला 'क्लार्क'ही म्हणत नाहीत. 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव वाढलं आणि खुर्च्या कमी झाल्या. पूर्वी आमच्या शाखेत रोखीचे तीन पिंजरे होते, आज एक आहे, आणि त्यात मी आहे. वरून कागद आलेला आहे, की लहानसहान रकमा मागणाऱ्या ग्राहकांना यंत्राकडे वळवावे. याला 'मायग्रेशन' म्हणतात. म्हणजे पेन्शन काढायला आलेल्या आजींना काउंटरवरून उठवून दाराबाहेरच्या काचेच्या खोलीत नेऊन सोडायचं. महिनाअखेरीस किती जणांचं स्थलांतर झालं तो आकडा वर कळवायचा.

किल्ल्याच्या बाजूनं एक आजी येतात, त्यांचं स्थलांतर काही माझ्याच्यानं होत नाही. नवऱ्याची थोडी पेन्शन, आणि मुलगा आखातात. तो दर महिन्याला पैसे पाठवतो. आजींनी एटीएमला स्वतःचं नाव ठेवलं आहे: 'मुका'. "त्या मुक्याकडे नको पाठवू रे बाबा मला. देतो, पण बोलत नाही." शाखेत नवीन आलेल्या तरुण ऑफिसरांनी एकदा मध्ये पडून फार गोड आवाजात विचारलं, "आजी, मशीनमधून घ्या ना, काय हरकत आहे?" आजी भर शाखेत म्हणाल्या, "मला नको मुका. तू घे." त्या दिवसापासून साहेब मायग्रेशनचा विषय माझ्यावर सोडून देतात.

आजींना पंधराशे रुपये हवे असतात. पाचशेच्या दोन आणि शंभरच्या पाच. नोटा मोजायचं यंत्र माझ्या उजव्या हाताला आहे, पण ते लावलेलं त्यांना चालत नाही. मोठ्यानं मोजायचं. मी एक, दोन, तीन म्हणतो आणि काचेपलीकडे त्यांचे ओठ हलतात. मग पासबुक पुढे येतं आणि खरा प्रश्न येतो, "आले का रे त्याचे?" मी पाहून सांगतो, "आले, आजी. सहा तारखेला." आजी म्हणतात, "म्हणजे बरा आहे." मुलगा फोन क्वचित करतो. त्याची खुशाली त्यांना माझ्याकडून कळते, जमेच्या रकान्यातून.

गेल्या जूनमध्ये आजी दहा तारखेला आल्या. नोटा मोजून झाल्या, पासबुक पुढे आलं. मी पाहिलं. आले नव्हते. रांगेत मागे सहा माणसं होती. मी म्हटलं, "आजी, आमचं मशीन बिघडलंय आज. दिसत नाहीये काही. उद्या या."

त्या उद्या आल्या. परवाही आल्या. मशीन बिघडलेलंच होतं. चौथ्या दिवशी शाखा उघडायच्या आधीच मी खातं पाहिलं आणि दारात त्यांची वाट बघत उभा राहिलो. रिक्षातून उतरता उतरताच सांगितलं, "आजी, आले. आज सकाळी."

आजींनी रिक्षावाल्याला पैसे दिले, सुटे मोजून घेतले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "दुरुस्त झालं म्हणायचं मशीन."